गॉर्डन गी गेले : बो-टायवाल्या अध्यक्षांना आपण चाहत्यांनी कसं आठवायचं?

मोनोंगाहेला (धागाकर्ता) | १६ जुलै २०२५, रात्री ९:१०

काल मॉर्गनटाउनला वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात नवे अध्यक्ष मायकेल बेन्सन रुजू झाले. म्हणजे जुने अध्यक्ष गॉर्डन गी खरोखरच पायउतार झाले. गेले दोन दिवस मनात घोळतंय, म्हणून धागा काढतोय. इथे अमेरिकन कॉलेज फुटबॉल बघणारे बरेच जण आहेत, त्यांच्याशी बोलावंसं वाटलं.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतला विद्यापीठाचा अध्यक्ष म्हणजे कामाच्या दृष्टीने आपला कुलगुरू. गी १९८१ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी पहिल्यांदा वेस्ट व्हर्जिनियाचे अध्यक्ष झाले. मग कोलोरॅडो, ओहायो स्टेट, ब्राउन, व्हँडरबिल्ट, पुन्हा ओहायो स्टेट आणि २०१४ मध्ये पुन्हा वेस्ट व्हर्जिनिया. पाच विद्यापीठं आणि सात कारकिर्दी. गळ्यात कायम बो-टाय. निवृत्त झाले तेव्हा ऐंशी ओलांडलेली.

मी कराडचा. २०१४ च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला मॉर्गनटाउनला आलो. त्या ऑक्टोबरात आमच्या संघाने देशात चौथ्या क्रमांकावर असलेल्या बेलरला ४१-२७ ने हरवलं. सामन्याआधी स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये मी पहिल्यांदाच गेलो होतो. गाड्यांची मागची दारं उघडी, शेगड्या पेटलेल्या, ओळखपाळख नसलेल्या एका आजींनी हातात गरम पेपरोनी रोल ठेवला. तेवढ्यात गी आले. निळा-पिवळा बो-टाय, गोल चष्मा. पोरं भोवती गोळा झाली. त्यांनी माझा फोन माझ्या हातातून घेतला, हात लांब करून स्वतःच फोटो काढला, फोन परत दिला आणि पुढच्या घोळक्याकडे गेले. देशात येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. घरची आठवण येऊन रोज रात्री रडायचो. त्या फोटोनंतर हे गाव आपलं आहे असं वाटायला लागलं. यात काडीची अतिशयोक्ती नाही.

मग आलं २०२३. विद्यापीठाला साडेचार कोटी डॉलरची तूट. गी यांच्या प्रशासनाने २८ पदवी-अभ्यासक्रम आणि १४३ प्राध्यापकांची पदं रद्द करण्याचा प्रस्ताव विश्वस्तांकडून मंजूर करून घेतला. गणिताची पीएचडी बंद. परकीय भाषांचा विभाग तर आधी मुळापासूनच उपटायचा बेत होता, ओरड झाल्यावर स्पॅनिश आणि चिनी शिकवण्यापुरती माणसं ठेवली. प्राध्यापकांच्या सभेने ७९७ विरुद्ध १०० मतांनी गी यांच्यावर अविश्वास दाखवला.

विश्वस्तांचं ते मतदान १५ सप्टेंबरला शुक्रवारी झालं. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी रात्री, त्याच गावात शेजारच्या पिट्सबर्ग विद्यापीठाबरोबरचा (म्हणजे 'पिट'बरोबरचा) चुरशीचा फुटबॉल सामना, 'बॅकयार्ड ब्रॉल', होता. आम्ही १७-६ ने जिंकलो. मी मेरीलँडहून गाडी चालवत गेलो होतो. साठ हजार माणसं गळ्यात गळे घालून गात होती, मीही गात होतो. आदल्या दिवशी काय झालं हे मला माहीत होतं, तरी गात होतो.

आता मुद्दा. गेल्या आठवड्यात आमच्या हॉलला रंग दिला. त्यासाठी तो फोटो भिंतीवरून काढला. खिळा तसाच आहे, फोटो सोफ्यावर पडलाय. परत लावावा की नाही, हेच कळत नाहीये. तुम्ही काय केलं असतं?

अण्णा_सांगलीकर | रात्री ९:३२

एक भाबडी शंका. विद्यापीठाचं स्टेडियम साठ हजारांचं? गाव केवढं आहे?

मोनोंगाहेला | रात्री ९:३८

अण्णा, गावाची लोकवस्ती तीस हजारांच्या आसपास. सामन्याच्या दिवशी गावाच्या दुप्पट माणसं स्टेडियमात असतात. अख्ख्या राज्याची लोकसंख्या १८ लाखांच्या घरात, आमचा सातारा जिल्हा त्याहून मोठा. राज्यात मोठ्या लीगचा एकही व्यावसायिक संघ नाही. त्यामुळे कोळशाच्या खाणीतला माणूस असो की डॉक्टर, सगळ्यांचा संघ एकच. आपल्याकडे गावच्या जत्रेला मुंबईहून लोक येतात ना, तसं ओहायो-कॅरोलायनात नोकरीला गेलेली माणसं शनिवारी परत येतात.

बकाय_काकू | रात्री १०:०५

धागा वाचून राहवलं नाही. मी कोलंबसला १९९१ पासून आहे, म्हणजे गी यांची ओहायो स्टेटमधली दोन्ही पर्वं मी डोळ्यांनी पाहिली. दोन्ही वेळा माणूस आवडला आणि दोन्ही वेळा त्याचा राग आला.

पहिल्या पर्वातली १९९२ ची मिशिगनविरुद्धची मॅच आठवते. आमच्याच मैदानावर १३-१३ अशी बरोबरी झाली. तेव्हा ज्यादा वेळ नसायचा, बरोबरी म्हणजे बरोबरी. त्यावर गी यांनी हा आपल्या सर्वात मोठ्या विजयांपैकी एक आहे असं जाहीर करून टाकलं! मिशिगनशी बरोबरी करून पेढे वाटणारा अध्यक्ष म्हणून कोलंबसमध्ये लोक वर्षानुवर्षं चिडवायचे. पण त्यांच्या बाजूनेही सांगते. जॉन कूपर प्रशिक्षक होते आणि मिशिगनपुढे त्यांचं काही चालत नव्हतं. अखेर हिशेब झाला तो २ विजय, १० पराभव आणि ही एक बरोबरी. खचलेल्या संघाला उभं करायला अध्यक्ष बोलले, असं माझ्या यजमानांचं मत. मला ते पटतं.

दुसऱ्या पर्वात मात्र जिभेला हाड राहिलं नाही. २०१० च्या नोव्हेंबरात म्हणाले की टीसीयू (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ) आणि बॉयझी स्टेटसारखे संघ दुबळ्यांशी खेळून वर येतात, आम्ही काही 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर'शी खेळत नाही. ही वृद्धांची सेवा करणाऱ्या जोगिणींची खरीखुरी संस्था आहे. पुढे टीसीयूने रोझ बोलमध्ये (मोसम संपल्यावर निवडक संघांचे जे 'बोल' सामने होतात त्यातला मानाचा) विस्कॉन्सिनला २१-१९ ने हरवलं आणि आमच्या शहरात त्या जोगिणींच्या नावाने टीसीयूचं अभिनंदन करणारे मोठे फलक लागले. गी यांनी माफी मागितली, टोलीडोजवळच्या त्यांच्या वृद्धाश्रमात जाऊन आले. ते मनापासून गेले असं मी मानते.

खरा घाव २०११ चा. प्रशिक्षक जिम ट्रेसल. आमच्यासाठी देवमाणूस, २००२ च्या मोसमाचं राष्ट्रीय विजेतेपद देणारे. खेळाडूंनी बक्षिसं आणि वस्तू देऊन टॅटू काढून घेतले, हे त्यांना ई-मेलवरून आधीच कळलं होतं आणि त्यांनी ते दडवलं. मार्चमध्ये पत्रकार परिषद झाली. ट्रेसलना काढण्याचा विचार केला का असं विचारल्यावर गी म्हणाले, उलट प्रशिक्षकांनी मला काढलं नाही म्हणजे मिळवलं. मी टीव्हीपुढे कांदा चिरत होते, हात थांबला. विद्यापीठाचा सर्वोच्च माणूस हे बोलतोय! मे महिन्यात ट्रेसल पद सोडून गेलेच.

बकाय_काकू | रात्री १०:१४

(मोबाइलवरून लिहितेय, अर्धाच गेला.)

चाहत्यांच्या मनात सलतं ते वेगळंच. २०११ चा मोसम आमचा वाईट गेला होता, सहा जिंकलो नि सहा हरलो. त्या वर्षी विद्यापीठाने आपणहून बोल सामन्यावर पाणी सोडलं असतं, तर एनसीएएने (कॉलेज खेळांची नियामक संस्था) कदाचित तेवढ्यावर भागवलं असतं. पण गेटर बोलचं निमंत्रण घेतलं. मग डिसेंबरात एनसीएएने २०१२ च्या मोसमासाठी बोल-बंदी घातली, आणि तो गेटर बोलही फ्लोरिडाकडून हरलो. आणि २०१२ मध्ये अर्बन मायरच्या हाताखाली संघ १२-०! एकही सामना न हरलेला संघ घरी बसला. माझा मुलगा तेव्हा तिथे दुसऱ्या वर्षाला होता, आजही विषय निघाला की जेवणावरून उठतो. त्याच्या हिशेबात तो निर्णय क्रीडासंचालक जीन स्मिथ आणि गी या दोघांच्या खात्यावर आहे.

तिरकिट | रात्री १०:२०

काकू, तुमच्या मुलाला माझ्याकडून एक कडक चहा. ते दुःख मला कळतं.

वाचनमात्र_वामन | रात्री १०:४१

बरेच दिवस नुसताच वाचतोय, आज लिहितो. काकूंनी शेवट लिहिला नाही. डिसेंबर २०१२ मध्ये क्रीडा समितीच्या बैठकीत गी नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाच्या धर्मगुरूंबद्दल, एकूण कॅथलिकांच्या विश्वासार्हतेबद्दल आणि एसईसी या दक्षिणेकडच्या क्रीडागटातल्या विद्यापीठांना लिहिता-वाचता येतं का यावर बोलले. ध्वनिमुद्रण होतं. मे २०१३ च्या अखेरीस बातमी फुटली आणि ४ जूनला त्यांनी निवृत्ती जाहीर केली. उचलली जीभ लावली टाळ्याला, याची शिक्षा पूर्ण भोगली. वर्षही सरायच्या आत वेस्ट व्हर्जिनियाने पुन्हा बोलावलं, आधी हंगामी आणि मग कायम.

नॅशव्हिलकर | १७ जुलै, सकाळी ७:२५

व्हँडरबिल्टबद्दल कुणी बोललं नाही. या माणसाने केलेलं सर्वात धाडसी काम तिथलं आहे.

२००३ मध्ये गी यांनी व्हँडरबिल्टचा स्वतंत्र क्रीडा विभागच बरखास्त केला. संघ राहिले, प्रशिक्षक राहिले, एसईसीही सोडली नाही. गेलं ते क्रीडासंचालकाचं वेगळं संस्थान. सगळा कारभार विद्यार्थी-जीवन पाहणाऱ्या विभागात विलीन केला. खेळाडू हा आधी विद्यार्थी, तो वर्गापासून आणि वसतिगृहापासून तुटू नये, ही भूमिका. तेव्हा अख्ख्या एसईसीने वेड्यात काढलं. आता व्हँडीचे खेळ संपले, चांगला प्रशिक्षक इथे फिरकणार नाही, असं सगळे म्हणत होते.

झालं उलट. पुरुषांचा बास्केटबॉल संघ २००४ आणि २००७ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळांत गेला. २००७ मध्ये महिलांच्या बोलिंग संघाने विद्यापीठाला त्याच्या इतिहासातलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. फुटबॉल २००८ मध्ये अनेक वर्षांनी बोल सामना खेळून जिंकला. बेसबॉलची २०१४ आणि २०१९ ची विजेतेपदं तर सर्वांना माहीत आहेत. या सगळ्याचं श्रेय गी यांना द्या असं म्हणत नाही. बेसबॉलचा पाया प्रशिक्षक टिम कॉर्बिन यांनी घातला. पण विभाग मोडला म्हणून खेळ बुडाले नाहीत, एवढं तरी मान्य करायला हवं.

म्हणूनच मला वाईट वाटतं. २००३ मध्ये जो माणूस खेळांना विद्यापीठाच्या कुशीत परत आणतो, तोच २०११ मध्ये प्रशिक्षकच आपल्याला काढेल असं हसत बोलतो. मधल्या आठ वर्षांत काय झालं?

बकाय_काकू | सकाळी ८:०२

कोलंबस झालं! नॅशव्हिलकर, तुमच्याकडे खेळ म्हणजे विद्यापीठाचा एक भाग होता. आमच्या शहरात एक लाखाहून जास्त माणसं स्टेडियमात बसतात. तिथे अध्यक्ष प्रशिक्षकापुढे वाकतो, कारण वाकला नाही तर शहर त्याला वाकवतं.

शून्यसंकलन | सकाळी ९:५०

मी गणित शिकवतो, अमेरिकेतच. धागाकर्त्यांच्या फोटोबद्दल आदर ठेवून लिहितो, पण स्पष्ट लिहितो.

राज्याच्या मुख्य विद्यापीठात गणिताची पीएचडी नसणं म्हणजे काय, हे चाहत्यांना कळलेलं नाही. पीएचडीचे विद्यार्थी फक्त संशोधन करत नाहीत. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसचे तास तेच घेतात, मदत-कक्षात रात्री नऊपर्यंत तेच बसतात. भारतातून, श्रीलंकेतून, नेपाळमधून येणाऱ्या कित्येक मुलांना असल्याच मध्यम विद्यापीठांतून पहिली संधी मिळते. हार्वर्डचं दार सगळ्यांना उघडत नाही. मॉर्गनटाउनसारखं दार बंद झालं की मिरजेच्या एखाद्या हुशार मुलीसाठी एक रस्ता कमी होतो.

मी स्वतः हे दुसरीकडे भोगलंय, जागेचं नाव घेत नाही. आमच्या विभागाच्या विलीनीकरणाची बैठक होती. प्रमुखांनी कागद वाचून दाखवला आणि मग खिडकीबाहेर बघत बसले. माझ्या शेजारची सहकारी, बावीस वर्षं शिकवलेली बाई, पिशवीतून डबा काढून झाकण नुसतंच उघडत-लावत राहिली. त्या झाकणाचा आवाज अजून कानात आहे.

मॉर्गनटाउनच्या मुलांनी ऑगस्ट २०२३ मध्ये वर्ग सोडून मोर्चा काढला तेव्हा लाल रुमाल बांधले होते. १९२१ मध्ये ब्लेअर माउंटनच्या लढ्यात खाणकामगारांनी बांधले होते तसे. पोरांनी आपला इतिहास बरोबर लक्षात ठेवला होता.

तिरकिट | सकाळी १०:१५

शून्यसंकलन, अनुमोदन. पण एक प्रश्न. फुटबॉल बंद केला असता तर गणित वाचलं असतं का?

शून्यसंकलन | सकाळी १०:४०

नसतं. हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. बिग १२ या क्रीडागटाचा टीव्हीचा पैसा, तिकिटं, देणगीदार, हे खेळांचं वेगळं खातं आहे. तुटीचं मूळ विद्यार्थिसंख्येत आहे. ती वाढेल असं धरून इमारती आणि खर्च वाढवले गेले, प्रत्यक्षात ती घटली. राज्य सरकारने मदतीचा हात आखडता घेतला हेही खरं. माझा राग फुटबॉलवर नाहीच. माझा प्रश्न लक्षाचा आहे. गावोगाव जाऊन लोकांना आपलंसं करायची जी विलक्षण ताकद या माणसाकडे होती, ती त्याने गणितासाठी कधी वापरली? पंचावन्नच्या पंचावन्न काउंट्या फिरले. किती ठिकाणी कॅल्क्युलसच्या वर्गाबद्दल बोलले असतील?

मोनोंगाहेला | सकाळी ११:०५

हा प्रश्न मला झोंबला, कारण मीही कधी बोललो नाही. पीआरटीच्या डब्यात बसून (आमच्या गावात १९७५ पासून बिनचालकाच्या छोट्या डब्यांची गाडी आहे, ती मध्येच बंद पडते आणि तरी सगळ्यांची लाडकी आहे) क्वार्टरबॅकवर तासन्‌तास वाद घातले. मला आकडेशास्त्र शिकवणारे सर त्याच गाडीने यायचे. सामन्याबद्दल सोडून त्यांच्याशी कधी काही बोललो नाही.

पिट्सबर्गची_पोर | दुपारी १:३०

मी पिट्सबर्गला वाढले, नवरा पिटचा कट्टर. म्हणजे मोनोंगाहेला, आपण शत्रुपक्षातल्या. तरी एक सांगते, तुम्ही बास्केटबॉल प्रशिक्षक बॉब हगिन्सचं प्रकरण का गाळलंत? त्याशिवाय गी यांचा हिशेब पुरा होत नाही.

हगिन्स मॉर्गनटाउनमध्ये जन्मलेले, तिथेच खेळलेले, २०१० मध्ये संघाला शेवटच्या चारांत नेलेले. मे २०२३ मध्ये रेडिओवर त्यांनी समलिंगी लोकांना उद्देशून अत्यंत हीन शब्द वापरला, तोही कॅथलिक चाहत्यांबद्दल बोलताना. विद्यापीठाने काय केलं? दहा लाख डॉलर पगार कापला, तीन सामने बसवलं आणि ठेवून घेतलं. महिन्याभरात आमच्या शहरात दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेले आणि दुसऱ्या दिवशी पद सोडून गेले. नंतर तर आपण राजीनामा दिलाच नव्हता असाही त्यांचा दावा होता.

मला खटकतं ते असं. मे महिन्यात प्रशिक्षकाला दुसरी संधी मिळाली. सप्टेंबरात भाषाशिक्षकांना एकही मिळाली नाही.

मोनोंगाहेला | दुपारी २:१०

ताई, मुद्दाम नव्हतं गाळलं, लिहायला हात धजावला नाही. 'हगी बेअर' आमच्या घरचा माणूस होता. मे महिन्यात तेव्हाच निरोप दिला असता तर जूनची नामुष्की टळली असती, आणि त्यांचीही अब्रू थोडी राहिली असती. चाहत्यांमध्ये आजही दोन तट आहेत. एकांना वाटतं गी यांनी आपल्या माणसाला फार सांभाळलं. दुसऱ्यांना वाटतं शेवटी वाऱ्यावर सोडलं. मी पहिल्या तटातला.

अण्णा_सांगलीकर | दुपारी २:२५

मला हे सगळं नवीन आहे, पण कादंबरीसारखं वाचतोय. दोन्ही संघांचे रंग काय हो?

पिट्सबर्गची_पोर | दुपारी २:३१

अण्णा, तीच तर गंमत. दोघांचेही निळा आणि पिवळाच! स्टेडियममध्ये लांबून बघितलं तर सगळे एकाच वऱ्हाडातले वाटतात.

खोखोपटू | दुपारी ४:००

थोडं अवांतर. मी विद्यापीठाकडून खो-खो खेळलोय, 'अश्वमेध' स्पर्धेलाही गेलोय. तुमचा धागा वाचून मला हेवा वाटला, खरं सांगतो. वाईट आठवणींसाठी का होईना, तुमच्या अध्यक्षांचा चेहरा चाहत्यांना माहीत आहे. आम्ही पदक घेऊन परत आलो तेव्हा कुलगुरू कोण हे आमच्यातल्या निम्म्या पोरांना सांगता आलं नसतं. एसटी स्टँडवर आमच्या क्रीडाशिक्षकांनी स्वतःच्या खिशातून उसाचा रस पाजला, तोच सत्कार. आमच्या सरांनी पदक रुमालात गुंडाळून ठेवलं, बसमध्ये हरवू नये म्हणून.

रोहिंटन बारिया करंडकासाठी विद्यापीठं झुंजायची, मुंबई विद्यापीठाकडून गावसकर खेळायचे, तेव्हा म्हणे मैदानाभोवती गर्दी असायची. आता आंतरविद्यापीठ सामन्याला खेळाडूंचे आईवडील आले तरी पुष्कळ.

वाचनमात्र_वामन | दुपारी ४:४५

खोखोपटू, फार छान लिहिलंत. तो रुमाल डोळ्यांसमोर आला.

खेळ आणि अध्यक्ष या विषयात दोन टोकं आहेत, ती नोंदवतो. रॉबर्ट हचिन्स यांनी १९३९ च्या डिसेंबरात शिकागो विद्यापीठाचा फुटबॉल बंद केला. एकेकाळी बिग टेन या क्रीडागटात दरारा असलेला संघ. पदवीधरांनी शिव्या घातल्या, पण विद्यापीठाची अभ्यासातली पत तसूभरही घटली नाही. दुसरं टोक बर्मिंगहॅमचं अलाबामा विद्यापीठ. २ डिसेंबर २०१४ ला अध्यक्ष रे वॉट्स यांनी फुटबॉल बंद केल्याचं संघाला समोरासमोर सांगितलं. गावाने वर्गणी काढली, सहा महिन्यांत निर्णय फिरवावा लागला आणि २०१७ मध्ये संघ पुन्हा मैदानात उतरला. वॉट्स त्यानंतरही पदावर राहिले.

आपल्या देशातून गेलेले सतीश त्रिपाठीही आहेत. २०११ मध्ये बफेलो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या काळात बास्केटबॉल संघाने २०१८ मध्ये ॲरिझोनासारख्या बलाढ्य संघाला ८९-६८ असं लोळवलं. पण २०१७ मध्ये बेसबॉल, पुरुषांचा सॉकर, पुरुषांचं जलतरण आणि महिलांचं रोइंग हे चार खेळ बंदही झाले. ॲरिझोनाची रात्र चाहत्यांच्या तोंडी आहे. त्या चार संघांतल्या मुलांच्या घरी मात्र दुसरंच काही तोंडी असेल.

नॅशव्हिलकर | संध्याकाळी ६:२०

वामनराव, हचिन्स यांना ते परवडलं, कारण शिकागोजवळ पैसा होता आणि शहरात इतर संघ होते. मॉर्गनटाउनमधून फुटबॉल काढला तर राज्यातल्या माणसाला विद्यापीठाशी बांधणारं दुसरं काय उरतं? ज्या खाणकामगाराच्या घरातून कुणीच कॉलेजला गेलं नाही, त्याच्या दारावरही विद्यापीठाचा झेंडा असतो. गी हे ओळखून होते. त्यांचं चुकलं ते पुढच्या पायरीवर. तो झेंडा लावणाऱ्या घरातली मुलगी कॉलेजात आल्यावर तिला फ्रेंच शिकायची असेल तर?

शून्यसंकलन | संध्याकाळी ६:५५

नॅशव्हिलकर, मला काल रात्रीपासून जे म्हणायचं होतं ते तुम्ही दोन ओळीत म्हणालात.

तिरकिट | संध्याकाळी ७:१०

जाता जाता गी यांच्या काळात जुने फुटबॉल प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझही परतले, तेही लिहा. २००७ च्या डिसेंबरात पिटविरुद्धचा तो १३-९ चा पराभव, राष्ट्रीय विजेतेपदाची संधी हातातोंडाशी येऊन गेलेली आणि त्याच महिन्यात रॉड्रिगेझ मिशिगनला निघून गेले. तेव्हा वेस्ट व्हर्जिनियात त्यांचं नाव काढायची सोय नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये नील ब्राउन यांना काढल्यावर त्यांनाच परत आणलं. क्रीडासंचालक रेन बेकर यांचा निर्णय, पण अध्यक्षांच्या संमतीशिवाय हे होत नाही. सतरा वर्षांचा राग चाहत्यांनी आठ दिवसांत गिळला.

मोनोंगाहेला | संध्याकाळी ७:३०

तिरकिट, माझ्या बाबतीत आठ दिवसही लागले नाहीत, एका संध्याकाळीत गिळला. घरचा माणूस आहे, खाणीच्या गावात वाढलेला. गी यांनाही १९८५ ला सोडून गेल्यावर आम्ही परत घेतलंच होतं. परत येणाऱ्याला घरात घेणं हे त्या राज्याच्या अंगातच आहे. निम्मी तरुण पिढी पोटासाठी बाहेर गेलेली, मग परत येणाऱ्याला नाही कसं म्हणणार?

बकाय_काकू | रात्री ९:००

मोनोंगाहेला, आता फोटोकडे या. सगळे राजकारणावर बोलले, तुम्ही विचारलं ते बाजूलाच राहिलं.

माझ्याकडेही आहे एक फोटो. २००८ चा, आमच्या मंडळाच्या दिवाळीचा नव्हे हो, विद्यापीठाच्या एका समारंभातला. मुलगा शाळेत होता, गी यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवलाय. २०१२ नंतर मुलाने तो फोटो उलटा करून ठेवला. मी सरळ केला. त्याने पुन्हा उलटा केला. असं किती दिवस चाललं असेल देव जाणे. शेवटी एक दिवस त्याने स्वतःच सरळ केला. का म्हणून मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. आता त्याची मुलगी तो फोटो बघून त्या बो-टायला फुलपाखरू म्हणते.

तुम्ही फोटो लावा. त्या मुलाला, त्या पहिल्या ऑक्टोबरातल्या तुम्हाला, तो फोटो हवा होता.

शून्यसंकलन | रात्री ९:४०

काकूंशी सहमत. मी गी यांना माफ करणार नाही, माझी ती जागा नाही. पण दोन महिने रडणाऱ्या मुलाच्या खांद्याला खांदा लावून ज्याने फोटो काढला, तोही तोच माणूस. फोटो लावा. फक्त एक विनंती. तुमच्या आकडेशास्त्राच्या सरांना एक पत्र लिहा. ते आहेत की गेले, पद राहिलं की नाही, काहीच माहीत नसताना लिहा.

मोनोंगाहेला | १८ जुलै, सकाळी ८:१५

रात्री बराच वेळ बसून सरांना पत्र लिहिलं. अकरा वर्षांनी पहिल्यांदा. त्यांच्या पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर खडूने एक मोठं वर्तुळ काढलं होतं आणि अर्धा तास त्याबाहेर काही लिहिलंच नव्हतं, ते मला आठवत होतं हे मलाच माहीत नव्हतं. इतकंच लिहिलं आणि आभार मानले.

सकाळी बायकोने न विचारता फोटो खिळ्याला लावला. मी काढला नाही. फोटो जरा वाकडा लागलाय.

पिट १३ सप्टेंबरला मॉर्गनटाउनलाच येतंय. मी जाणार आहे. कुणी येणार असेल तर कळवा, स्टेडियमबाहेर हॉस्पिटलच्या बाजूच्या पार्किंगमध्ये भेटू. अण्णा, तुम्ही अमेरिकेत कधी आलात तर तिकीट माझ्याकडून.

अण्णा_सांगलीकर | सकाळी ८:२२

व्हिसा मिळाला तर भडंग घेऊन येतो.

पिट्सबर्गची_पोर | सकाळी ९:०५

आम्ही दोघं येतोय, सव्वा तासाचा तर रस्ता. नवरा पिटचा शर्ट घालून येणार, तुमच्या घोळक्यात त्याला सांभाळून घ्या. पेपरोनी रोल तुमच्याकडून, आणि ढोबळी मिरची घातलेला नको, त्याला चालत नाही.